विद्युत् गिटारची मान : लवचिकता व स्वरस्थैर्य

विद्युत् गिटारच्या धडापासून खुंट्यांपर्यंत गेलेल्या, बहुधा लाकडाच्या, लांब व सडपातळ भागास मान म्हणतात. मानेच्या दर्शनी बाजूवर पडदेपट्टी बसविलेली असते आणि तिच्यात धातूचे पडदे रोवलेले असतात. मानेच्या वरच्या टोकाशी तारांना ठराविक अंतरावर धरणारी खाचपट्टी असते व तिच्या पलीकडे खुंट्या असलेला शीर्षभाग असतो. तारांचे दुसरे टोक धडावरील घोडीवरून जाऊन पक्के केलेले असते. खाचपट्टी व घोडी यांच्यामधील तारेचा भाग कंप पावतो व त्याच्या लांबीला वाद्याचे मोजमाप मानतात.

मानेला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. तारांचा सर्व ताण तिला सोसावा लागतो, म्हणून ती ताठ असणे इष्ट असते. वादकाचा डावा हात तिच्यावर सतत फिरत असल्यामुळे ती सडपातळ असणेही तितकेच इष्ट असते. या दोन गरजांतील तडजोड सु. १९५० ते १९७० या काळातील वाद्यांत वेगवेगळ्या प्रकारे केलेली आढळते. हीच वाद्ये आज जुनी व दुर्मिळ म्हणून जपली जातात. त्यांपैकी काहींच्या माना हाताच्या साध्या दाबानेही लवतात व स्वर हलतो. त्यावरून अशी मान सदोष असून वाद्य सुरात राहू शकत नाही, असा समज रूढ झाला आहे. तथापि लवचिकता व अस्थिरता या एकच गोष्टी नव्हेत. त्यांतील भेद लक्षात न घेता केलेल्या दुरुस्त्यांमुळे अनेक जुन्या वाद्यांचे मूळ स्वरूप कायमचे बदलले आहे.

तारेचा ताण व स्वर : तारेची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. स्वरांतील सूक्ष्म फरक मोजण्यासाठी अर्धस्वराचे शंभर समान भाग करतात व अशा एका भागास सेंट म्हणतात. ताणात १ टक्का फरक पडल्यास स्वर सु. ९ सेंट वरखाली होतो. दोन स्वर एकत्र वाजत असताना सु. ५ सेंटचा फरकही सरावलेल्या कानास जाणवतो.

तारेला हा ताण तिच्या ताणलेपणामुळे, म्हणजेच तिच्या लांबीत झालेल्या वाढीमुळे प्राप्त होतो. ही वाढ किती अल्प असते, हे मोजमापांवरून स्पष्ट होते. ६४.८ सेंमी. मोजमापाच्या गिटारवर पोलादाची पहिली तार तिच्या नेहमीच्या स्वरात लावली असता ती केवळ ४.६ मिमी.च्या आसपास ताणलेली असते. तिसरी तार साधी, म्हणजे वेटोळे नसलेली असल्यास तिची वाढ सु. १.६ मिमी. एवढीच असते. साध्या तारेच्या बाबतीत ही वाढ तारेच्या जाडीवर अवलंबून नसते; ती मोजमाप, स्वर व पोलादाचे गुणधर्म यांवरच अवलंबून असते. वेटोळे घातलेल्या तारेत मात्र ताण मुख्यतः आतील गाभ्यावर येतो. त्यामुळे तिची वाढ गाभ्याच्या जाडीनुसार ठरते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. तारेच्या दोन टोकांतील अंतर ०.०१ मिमी.ने, म्हणजे केसाच्या जाडीच्या सु. एकसप्तमांशाने बदलले, तर पहिल्या तारेचा स्वर सु. २ सेंट व साध्या तिसऱ्या तारेचा सु. ५ सेंट सरकतो. गिटारची तिसरी तार सर्वांत आधी बेसूर होते, या सार्वत्रिक अनुभवाचे हे एक कारण होय. १९६० पर्यंतच्या संचांत तिसरी तार बहुधा वेटोळे घातलेली असे. तिचा गाभा बारीक असल्यामुळे ती अधिक ताणलेली राही व परिणामी लांबीतील सूक्ष्म फरकांस कमी संवेदनशील असे. पुढे तार बोटाने खेचून स्वर चढविण्याची शैली लोकप्रिय झाली आणि तिच्यासाठी साधी तिसरी तार वापरात आली. मूळ वाद्य एका प्रकारच्या तारांसाठी घडविलेले व आज त्यावर दुसऱ्या प्रकारच्या तारा, अशी स्थिती त्यामुळे जुन्या वाद्यांच्या बाबतीत नेहमी आढळते.

सहा तारांचा एकूण ताणही लक्षणीय असतो. पहिली तार ०.२५ मिमी. जाड असलेल्या आजच्या प्रचलित संचाचा एकूण ताण सु. ४७ किग्रॅ. भाराइतका भरतो. १९५० च्या दशकातील जाड तारांच्या संचांत तो ६० किग्रॅ.हून अधिक होई. तारा पडदेपट्टीच्या वरून जात असल्यामुळे हा ताण मानेला केवळ दाबत नाही, तर तिचे शीर्ष पुढच्या बाजूस ओढून तिला धनुष्याप्रमाणे वाकवतो. वाद्य सुरात लावणे म्हणजे तारांचा ताण व मानेचा प्रतिकार यांच्यात समतोल साधणे होय. एका तारेचा ताण वाढविला असता मान किंचित पुढे येते व उरलेल्या तारा किंचित उतरतात. म्हणूनच लवचिक मानेच्या गिटारच्या सर्व तारा एकाच फेरीत जुळत नाहीत. दोन-तीन फेऱ्या घ्याव्या लागतात.

मानेचे वाकणे : एका टोकास धडात जखडलेली मान ही यांत्रिकीच्या दृष्टीने एका टोकाला आधार असलेली तुळई होय. अशा तुळईचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर रुंदीच्या केवळ पहिल्या घाताच्या प्रमाणात वाढतो. मुक्त टोकावर ठराविक भार दिला असता होणारे विचलन तिच्या लांबीच्याही घनाच्या प्रमाणात असते. याचा अर्थ असा, की मानेच्या जाडीत किंवा मुक्त लांबीत केलेला लहानसा बदलही ताठपणात मोठा फरक घडवून आणतो. २३ मिमी. जाडीची मान २० मिमी. केल्यास ताठपणा सु. एक तृतीयांशाने घटतो. हाताला जाणवणारा ३ मिमी.चा फायदा असा महाग पडतो.

लाकडाचाही वाटा असतो. गिटारच्या मानेसाठी मुख्यत्वे मेपल व महोगनी ही लाकडे वापरली जातात. कठीण मेपलचा स्थितिस्थापकता गुणांक महोगनीच्या मानाने सर्वसाधारणपणे एकपंचमांश ते एकचतुर्थांश अधिक असतो. समान मापांच्या मानांत मेपलची मान त्या प्रमाणात ताठ असते. तथापि जाडी व लांबी यांच्या प्रभावापुढे हा फरक दुय्यम ठरतो.

तारा मानेच्या मध्यअक्षापासून सु. १२ मिमी. उंचीवरून जातात. सु. ४५ सेंमी. मुक्त लांबीच्या मानेचे टोक १ मिमी.ने मागे ढकलले, तर खाचपट्टी व घोडी यांतील अंतर ०.०२५ ते ०.०३ मिमी.ने वाढते. हा आकडा नगण्य वाटला, तरी वरील हिशेबाप्रमाणे त्यामुळे तिसरी तार सु. १५ सेंट व पहिली तार सु. ५ सेंट चढते. मान पुढे ओढल्यास तारा तितक्याच उतरतात. सडपातळ महोगनी मानेचे टोक १ मिमी. हलविण्यास सर्वसाधारणपणे १ किग्रॅ.च्या आसपास भार पुरतो. उभ्याने वाजविताना शीर्षाकडे झुकणारे वाद्य डाव्या हाताने तोलून धरले, तर इतका भार सहज पडतो. मांडीवर आडवे ठेवून लावलेले वाद्य गळ्यात अडकविताच किंचित बेसूर वाटते, याचे स्पष्टीकरण यातच आहे. काही वादकांनी या गुणाचा उपयोगही करून घेतला आहे. शीर्ष हलकेच पुढेमागे ढकलून संपूर्ण स्वरसमूहाला आंदोलन देणे ही विद्युत् गिटारवादनातील एक परिचित क्लृप्ती आहे.

ऐतिहासिक विकास : विद्युत् गिटारच्या इतिहासात मानेच्या स्थैर्याचा प्रश्न आरंभापासूनच उपस्थित झाला. जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी अमेरिकेत १९३१-३२ मध्ये तयार केलेले, आकारावरून ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवा असे टोपणनाव पडलेले वाद्य मांडीवर आडवे ठेवून, तारांवरून पोलादी तुकडा सरकवून वाजवीत. त्याचे धड व मान ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामाची होती. ती लाकडापेक्षा कितीतरी ताठ होती. परंतु ॲल्युमिनियमचे उष्णतेने होणारे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे रंगमंचावरील तप्त दिव्यांखाली वाद्याचा सूर ढळत असे. स्वरस्थैर्यासाठी केवळ ताठपणा पुरेसा नाही, हा धडा या पहिल्याच वाद्याने दिला. पुढे १९३५ मध्ये त्याच निर्मात्यांनी बॅकेलाइट या प्लॅस्टिकचा वापर केलेले वाद्य बाजारात आणले.

लाकडी मानेवरील महत्त्वाचा उपाय मात्र विद्युत् गिटारच्याही आधी निघाला होता. गिब्सन कंपनीतील थॅडिअस मॅकह्यू यांनी मानेच्या आत बसविण्याच्या समायोजनक्षम पोलादी सळईसाठी १९२१ मध्ये एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज केला व १९२३ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. ‘ट्रस रॉड’ या नावाने ओळखली जाणारी ही सळई पुढे गिटारचा जवळजवळ अनिवार्य भाग बनली. जुन्या पद्धतीत ती मानेतील वक्र खोबणीत बसवीत. टोकावरील चाकी (नट) आवळली, की सळई सरळ होऊ पाहते व मानेला तारांच्या ओढीच्या विरुद्ध दिशेने वाकवते. त्यामुळे तारांखाली मानेचा बाक हवा तेवढाच राखता येतो. सामान्यतः मानेच्या मध्यावर ०.२ ते ०.३ मिमी. एवढा अल्प बाक इष्ट मानतात.

सळईच्या कार्याविषयी एक गैरसमज आढळतो. ती मानेची विश्रांतीची स्थिती बदलते, तिचा ताठपणा फारसा वाढवत नाही. हाताच्या दाबाने होणारे क्षणिक वाकणे सळई कितीही आवळली, तरी थांबत नाही. उलट ते थांबविण्याच्या प्रयत्नात जुन्या सळईचे आटे खराब होण्याचा किंवा ती तुटण्याचा धोका असतो.

लिओ फेंडर (१९०९–९१) यांनी १९५० मध्ये आणलेल्या भरीव धडाच्या गिटारांत मान मेपलच्या एकाच तुकड्याची असून ती धडाला चार स्क्रूंनी जोडलेली होती. कठीण मेपलला सळईची गरज नाही, अशी त्यांची प्रारंभी धारणा होती व अगदी सुरुवातीची काही वाद्ये सळईविना तयार झाली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत मात्र सळई बसविण्यास प्रारंभ झाला. एकसंध मानेत सळई पाठीमागून घालावी लागे व ती खोबण अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवीत. या गिटारांच्या मानेमागे दिसणारी काळपट रेघ हीच होय. स्क्रूंनी जोडलेली मान काढता व बदलता येत असल्यामुळे दुरुस्ती सोपी झाली. परंतु सांध्याच्या खोबणीत मान सैल बसली, तर ती बाजूला सरकून तारांची रेषा व सूर दोन्ही बिघडू शकतात. १९७१ मध्ये फेंडरच्या काही नमुन्यांत तीन स्क्रूंचा व मानेचा कोन बदलता येणारा सांधा आला. त्यात खोबणीचा नेमकेपणा अधिकच महत्त्वाचा ठरला.

गिब्सन कंपनीने वेगळा मार्ग धरला. वादक लेस पॉल (१९१५–२००९) यांच्या नावाने १९५२ मध्ये आलेल्या तिच्या गिटारमध्ये महोगनीची मान धडात सांधा करून सरसाने पक्की केलेली असे. मोजमाप सु. ६२.९ सेंमी. व धड सु. ५ सेंमी. जाड होते. मान सोळाव्या पडद्याच्या सुमारास धडात शिरत असल्यामुळे तिची मुक्त लांबी सु. ३८ सेंमी. भरे. १९५८-५९ मधील या वाद्यांच्या माना जाड होत्या. १९६० मध्ये त्या बऱ्याच सडपातळ करण्यात आल्या. माना हातानेच घासून घडवीत असल्यामुळे एकाच वर्षाच्या दोन वाद्यांतही जाडीचा फरक आढळतो.

एसजी गिटार : लवचिक मानेचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे १९६१ मध्ये आलेले गिब्सनचे नवे वाद्य होय. प्रारंभी तेही लेस पॉल याच नावाने विकले जाई. १९६३ पासून त्याला एसजी हे नाव रूढ झाले. शेवटच्या पडद्यापर्यंत हात विनासायास पोहोचावा, या हेतूने त्याच्या धडाला दोन्ही बाजूंनी खोल काप दिला होता व मान बाविसाव्या पडद्यापाशी धडाला मिळत होती. धडाची जाडीही सु. ३.५ सेंमी.पर्यंत कमी केली होती.

या रचनेचा यांत्रिक परिणाम सहज मोजता येतो. मानेची मुक्त लांबी सु. ३८ सेंमी.वरून सु. ४५ सेंमी. झाली. लांबीच्या घनाच्या नियमानुसार समान जाडीच्या मानेच्या टोकाचे विचलन तेवढ्याच भाराखाली सु. ७० टक्क्यांनी वाढले. त्यातच मान सडपातळ होती. सांध्याचे लाकूड कमी होते आणि सांध्यालगतच पिकअप या चुंबकीय ग्राहकासाठी पोकळी कोरलेली होती. त्यामुळे वाकणे केवळ मानेत न राहता सांध्यापाशीही होऊ लागले. १९६० च्या दशकात कंपनीने हा सांधा एकाहून अधिक वेळा बदलला. मूळ रचनेतील उणीव तिच्याही ध्यानात आली होती, असे यावरून दिसते.

असे असूनही हे वाद्य विलक्षण लोकप्रिय ठरले. भक्तिसंगीताच्या गायिका व गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प, ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे पीट टाउनझेंड, ‘ब्लॅक सॅबथ’चे टोनी आयोमी यांसारख्या अगदी भिन्न शैलींच्या कलावंतांनी ते वापरले. त्यांपैकी टाउनझेंड यांचे वादन जोरकस हालचालींसाठी प्रसिद्ध होते. लवचिक मान व जोरकस वादन यांचा मेळ बसू शकतो, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

रिकनबॅकर कंपनीच्या गिटारांत एका मानेत शेजारीशेजारी दोन सळया बसविण्याची पद्धत होती. १९६३-६४ पासून प्रसिद्धीस आलेल्या तिच्या बारा तारांच्या गिटारमध्ये, जेथे एकूण ताण सहा तारांच्या वाद्याहून पुष्कळ अधिक असतो, तेथे ही योजना विशेष उपयुक्त ठरली. मानेच्या दोन कडांचा बाक तिच्यामुळे काही अंशी स्वतंत्रपणे दुरुस्त करता येतो.

लाकूड व हवामान : मान दोन कारणांनी आपला आकार बदलते. भार येताच ती स्थितिस्थापक रीतीने वाकते व भार निघताच मूळ स्थितीत परतते. याखेरीज सततच्या ताणाखाली लाकडात वर्षानुवर्षे मंद विरूपण होत असते व ते पूर्णपणे मागे परतत नाही. तीस-चाळीस वर्षे जाड तारांखाली राहिलेल्या मानेला कायमचा बाक येतो, तो या दुसऱ्या कारणाने. पहिला बदल क्षणिक असून त्याने सूर हलतो. दुसरा बदल इतका सावकाश होतो, की त्याने एखाद्या मैफलीत तार उतरत नाही. मात्र तारांची पडद्यांपासूनची उंची वाढून दाबलेले स्वर चढे लागतात.

हवेतील आर्द्रतेनुसार लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने बरेच व उभ्या दिशेने अगदी थोडे फुगते वा आकसते. मान व पडदेपट्टी वेगवेगळ्या लाकडांच्या असल्यास त्यांची हालचाल असमान होऊन मानेचा बाक बदलतो. मुंबई व गोवा यांसारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात पावसाळ्यातील दमट हवेत लावलेले वाद्य देशावरील कोरड्या उन्हाळ्यात नेले असता त्याची सळई पुन्हा जुळवावी लागते, ती यामुळे.

उष्णतेचा परिणाम अधिक जलद होतो. बारीक तार दिव्याच्या झोताने अथवा हाताच्या उबेने चटकन तापते. जाड लाकूड मात्र पूर्वीच्याच तापमानात राहते. तार १०° से.ने तापली व लाकूड तसेच राहिले, तर साधी तिसरी तार सु. ४० सेंट व पहिली तार सु. १४ सेंट उतरते. मानेचे टोक दोन-अडीच मिमी. पुढे ओढल्याने तिसरी तार जेवढी उतरेल, तेवढीच ही उतार आहे. मानेवर ठेवला जाणारा दोष पुष्कळदा वास्तविक उष्णतेचा असतो.

अस्थिरतेची अन्य कारणे : स्थितिस्थापक वाकण्यात स्वर परत येतो. स्वर ढळून परत न येणे हे मुख्यतः घर्षणाचे लक्षण होय. तार खेचून सोडली असता ती खाचपट्टीच्या खाचेतून किंचित सरकते. खाच अरुंद, खडबडीत किंवा वाकडी असल्यास ती पूर्ण मागे येत नाही. खाचपट्टीच्या दोन्ही बाजूंचा ताण असमान राहतो व तार चढी अथवा उतरी भासते. गिब्सनच्या शीर्षभागाला दिलेला कल १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सु. १७° होता, पुढे तो सु. १४° करण्यात आला. कल जितका अधिक, तितका तारेचा खाचेवरील दाब व घर्षण अधिक असते. शिवाय या रचनेत मधल्या दोन तारा खाचपट्टीपासून खुंटीकडे बाजूला वळतात. फेंडरच्या शीर्षभागाला कल नसतो व तारा जवळजवळ सरळ जातात. परंतु तारा खाली दाबण्यासाठी लावलेल्या लहान आकड्यांशी त्यांचे घर्षण होते.

खुंटीवर तारेचे वेढे सैल वा एकमेकांवर चढलेले असणे, नवी तार पुरेशी ताणून न घेणे, घोडीच्या खाचांत गंज साचणे आणि स्वर हलविण्याच्या दांड्याच्या स्प्रिंग व टेकूची झीज हीदेखील नेहमीची कारणे होत. दंतचक्राच्या जुन्या खुंट्यांत थोडा ढिलेपणा असतो. परंतु तारेचा ताण चक्राला सतत एकाच दिशेने ओढत असल्यामुळे, स्वर खालून वर चढवीत लावल्यास हा ढिलेपणा निष्प्रभ होतो. जुन्या खुंट्यांना दिला जाणारा दोष अनेकदा लावण्याच्या पद्धतीचा असतो.

परीक्षण : वरील भेदावर आधारलेली एक साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते. वाद्य वाजविण्याच्या स्थितीत धरून नीट लावावे व प्रत्येक तारेचा स्वर मोजावा. नंतर शीर्ष हलकेच मागे ढकलून सोडावे व स्वर पुन्हा मोजावेत. दाब असताना स्वर चढून, सोडताच तो मूळ जागी परतला, तर मान लवचिक पण निर्दोष आहे. स्वर परतला नाही व केवळ एक-दोन तारांनाच फरक पडला, तर त्या तारांच्या खाचा किंवा घोडी तपासावी. सर्व तारा एकाच दिशेने ढळून तशाच राहिल्या, तर सांधा संशयास्पद ठरतो. सरस सुटलेल्या सांध्याच्या कडेशी रंगलेपात बारीक रेघ दिसते व दाब दिला असता ती उघडमीट करते. लेपावरील प्रत्येक रेघ मात्र सुटलेल्या सांध्याची नसते. जुन्या नायट्रोसेल्युलोज लेपाला वयोमानाने चिरा पडतातच.

दुरुस्ती व जतन : जुन्या वाद्यांचे मोल त्यांच्या मूळ भागांत असते. त्यामुळे दुरुस्तीचा क्रम परतवता येणाऱ्या उपायांकडून न परतवता येणाऱ्या उपायांकडे जाणारा असावा, असे मानले जाते. तारांची जाडी योग्य निवडणे, खाचा साफ करून त्यांत ग्रॅफाइटची पूड घालणे, सळई अल्पशी फिरवणे आणि वाद्य वाजविण्याच्याच स्थितीत लावणे हे उपाय वाद्याला कोणतीही इजा करत नाहीत व बहुतेक तक्रारी त्यांनीच दूर होतात. बारीक तारांमुळे एकूण ताण घटतो. परंतु मानेचा ताठपणा तोच राहतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

याउलट, तार उतरते म्हणून नव्या, मोठ्या खुंट्यांसाठी शीर्षाची छिद्रे रुंदावणे, बाक काढण्यासाठी पडदेपट्टी रंधणे, लवचिक मान ताठ करण्यासाठी सांध्यात स्क्रू घालणे हे उपाय कायमचे असतात. १९६० व १९७० च्या दशकांत, जेव्हा ही वाद्ये केवळ वापरलेली वाद्ये होती, तेव्हा असे बदल सर्रास केले गेले. त्यांपैकी पहिल्याने घर्षणाचा दोष जात नाही व तिसऱ्याने मानेची मुक्त लांबी कमी होत नाही. म्हणजे मूळ तक्रार बहुधा कायमच राहते. रंधलेल्या पडदेपट्टीची भरपाईही सोपी नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या पट्ट्या बहुधा ब्राझीलच्या शिसवीच्या असत. संकटग्रस्त जीवजातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली १९९२ पासून या लाकडाच्या व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत. १९६० च्या दशकापासून त्याची जागा मुख्यत्वे भारतीय शिसवीने घेतली. सह्याद्रीच्या पानझडी वनांत वाढणारा शिसव वृक्ष तो हाच. २०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण प्रजातीचा या करारात समावेश झाला व २०१९ मध्ये ब्राझीलची शिसव वगळून इतर जातींच्या तयार वाद्यांना सूट देण्यात आली.

सुटलेला सांधा, तुटलेले शीर्ष अथवा निकामी सळई यांवर मात्र मोठी दुरुस्ती टाळता येत नाही. कललेल्या शीर्षाच्या एकसंध महोगनी मानेत खाचपट्टीमागे लाकडाचे तंतू तिरपे तुटक होतात व तेथेच सळईच्या चाकीसाठी पोकळी असते. त्यामुळे वाद्य उलटून पडल्यास मान त्या ठिकाणी मोडण्याचा संभव सर्वाधिक असतो. चांगल्या सरसाने नीट जोडलेले शीर्ष पुढे अनेक दशके टिकते.

नवी द्रव्ये : मानेचे वाकणे टाळण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात नव्याने झाले. ट्रॅव्हिस बीन व क्रेमर या कंपन्यांनी ॲल्युमिनियमच्या माना आणल्या. त्या ताठ होत्या. पण जड व हाताला थंड लागणाऱ्या होत्या आणि तापमानाच्या बदलाचा जुना प्रश्न त्यांतही होताच. त्याच दशकात कार्बन तंतूंच्या माना तयार होऊ लागल्या. नेड स्टाइनबर्गर यांनी दशकाच्या अखेरीस शीर्षविरहित वाद्य रचून खुंट्या धडाच्या टोकाकडे नेल्या. फ्लॉइड रोझ यांनी तार खाचपट्टीपाशी व घोडीपाशी घट्ट आवळून धरण्याची युक्ती काढली व १९७९ मध्ये तिचे एकस्व मिळविले. या युक्तीने घर्षणाचा प्रश्न मुळातूनच सुटला. मान मात्र पूर्वीइतकीच लवत राहिली. स्वरस्थैर्याच्या तक्रारींत घर्षणाचा वाटा किती मोठा होता, याची कल्पना या युक्तीच्या व्यापक प्रसारावरून येते.

नवी ताठ द्रव्ये उपलब्ध होऊनही बहुसंख्य विद्युत् गिटारांच्या माना आजही लाकडाच्याच असतात. थोडी लवचिकता हे सडपातळ, हलक्या व हाताला सोयीच्या मानेचे अपरिहार्य अंग आहे. तिच्यामुळे स्वर हलतो. पण सांधा शाबूत व खाचा गुळगुळीत असतील, तर तो परत जागेवर येतो. जुन्या वाद्याचा निवाडा करताना मान किती लवते यापेक्षा ती सोडल्यावर स्वर कोठे परततो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.